मॅडम कुणाला म्हणायचं

"मावशी, खुर्ची पुसायला आलात की बसायला?"

निकम सरांनी हे विचारलं तेव्हा मी खुर्चीच्या कडेला अर्धी टेकले होते. धड बसलेली नाही, धड उभी नाही. स्टाफरूममध्ये सात-आठजण होते. कुणी वह्या तपासत होतं, कुणी चहाची बशी तोंडाला लावली होती. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"बसायला," मी म्हणाले आणि पुरती बसले. चांगली पाठ टेकून बसले.

"मीटिंग शिक्षकांची आहे, मावशी."

"माझ्याच नेमणुकीवर आहे ना? मग मला बघून बोला. माघारी बोलायची सवय मोडेल तेवढीच."

देशमुख मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. निकम सर हसले. त्यांचं हसणं असं होतं की ओठ तेवढे हलायचे, डोळे तुमच्यावर रोखलेलेच. पर्यवेक्षक होते ते, हेडसरांच्या खालोखाल. खालोखाल म्हणायचं आपलं; हेडसर बिचारे त्यांना विचारल्याशिवाय खडूची पेटीसुद्धा उघडत नसत.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी त्याच शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर झाले, निकम सरांचा फोटोही भिंतीवर चढला. पण त्या आठवड्याची आठवण आली की अजून माझे कान तापतात.

आमच्या हायस्कुलात कुणी कुणाला काय म्हणायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण पाचवीतलं पोरगंसुद्धा त्यात चुकत नसे. शिकवणारा पुरुष म्हणजे सर. शिकवणारी बाई म्हणजे मॅडम. क्लार्क म्हणजे भाऊसाहेब, शिपाई म्हणजे मामा आणि शिपाईण म्हणजे मावशी. काल बी.एड. झालेली बावीस वर्षांची पोर आली तरी पहिल्या तासापासून मॅडम, आणि पन्नाशी उलटलेली आमची बायडाक्का मात्र मावशी. मॅडम आल्या की लोक खुर्ची पुढं सरकवत, मावशी आली की बादली.

मी या शाळेत पहिल्यांदा आले ती कुणाची मॅडम म्हणूनही नाही आणि मावशी म्हणूनही नाही. आले ती खराडे सरांची बायको म्हणून. आमचे हे तिथं गणित शिकवायचे. पंधरा ऑगस्टला मी मुलीला कडेवर घेऊन झेंडावंदनाला गेले की हेच निकम सर पुढं होऊन म्हणायचे, "या वहिनी, सावलीत बसा." मग हे आठ दिवसांच्या तापात गेले. मी दहावी पास, पदरात तीन वर्षांची पोर. संस्थेनं दया केली, शिपाई म्हणून घेतलं. निळ्या काठाची पांढरी साडी मिळाली. ती नेसून पहिल्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभी राहिले, तर निकम सर वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "मावशी, एक कडक चहा."

महिन्यापूर्वीची वहिनी. मुडदा बसवला त्या चहाचा, असं मी मनात म्हणाले आणि चहा नेऊन दिला.

कुणी म्हणेल, शिपायाच्या नोकरीची लाज वाटली असेल. अजिबात नाही. वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, नोटीस फिरवायची, यात कसली लाज! माझा राग होता त्या हाकेवर. माझ्या बहिणीची पोरंही मला मावशीच म्हणायची, पण ती तसं म्हणत गळ्यात पडायची. इथं मावशी म्हटलं की उठायचं आणि काहीतरी आणायचं.

मग मी ठरवलं. मुक्त विद्यापीठाचे फॉर्म आणले. बारावीच्या तोडीची परीक्षा दिली, बी.ए. केलं, तेही इंग्रजी घेऊन. आणि इंग्रजी शिकले कुणाकडून? निकम सरांकडूनच. दहावी 'अ'च्या वर्गाबाहेर व्हरांड्यात बसून मी वर्षानुवर्षं त्यांचे तास ऐकले. माणूस कसाही असो, शिकवायचे झकास. त्यांना वाटायचं, मावशी घंटेची वेळ व्हायची वाट बघतेय.

शेवटी बी.एड.साठी एक वर्षाची बिनपगारी रजा मागितली. हेडसर म्हणाले, "बदली माणूस मिळणार नाही. काम कोण करणार?"

बायडाक्का शेजारीच उभी होती. म्हणाली, "म्या करते की. अकरा खोल्या हायत, न्हाईतर काय पन्नास हायत व्हय?"

आणि तिनं केलं. एक वर्ष, अकरा खोल्या, दोन्ही संडास, पाण्याच्या टाक्या, घंटा, सगळं एकटीनं. कंबरेला पट्टा बांधून करायची. मी सुट्टीत येऊन बघितलं आणि रडायला लागले, तर मलाच शिव्या घातल्या. "आगं रडतीस काय येड्यावानी? शीक आन ये. त्या निकमाचं त्वांड बघायचंय मला."

तर मी शिकून आले, आणि दोन वर्षांनी इंग्रजीच्या कदम मॅडम रिटायर झाल्या. जागा मोकळी झाली. संस्थेच्या चेअरमननी, म्हणजे आबासाहेबांनी, हेडसरांना विचारलं की आपल्या खराडेबाई आहेत ना बी.एड.? त्यांचं बघा. तीच ही मीटिंग. आणि निकम सरांना ती जागा हवी होती आपल्या पुतण्यासाठी. तोही बी.एड. होऊन घरी बसला होता. हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं.

"माझं व्यक्तिशः काहीच म्हणणं नाही," निकम सर उभे राहून म्हणाले. "मावशींनी कष्टानं डिग्री घेतली, कौतुक आहे. पण पोरांचा विचार करा. कालपर्यंत जिनं त्यांच्या वर्गातली ओकारी पुसली, तिला ती पोरं उद्या मॅडम म्हणणार? हाक मारतील मावशी आणि तास जाईल हसण्यात. शिस्तीचा प्रश्न आहे."

"पोरं म्हणतील, सर," मी म्हणाले. "तुम्ही म्हणायला लागलात तर."

"मी?" ते माझ्याकडे वळले. "मी शब्द जपून वापरतो, मावशी. मॅडम हा शब्द कमवावा लागतो."

"अकरा वर्षं घालवली, सर. अजून किती कमवायचा?"

"ते पोरं ठरवतील."

खोलीत कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही. देशमुख मॅडम, जिच्या बाळंतपणात मी तिच्या घरी जाऊन बाळाला न्हाऊ घातलं होतं, ती खिडकीतून बाहेर ग्राउंड बघत होती. हेडसरांनी घाम पुसला आणि मधला मार्ग काढला. शनिवारी शाळा समितीपुढं मी नववी 'ब'च्या वर्गावर एक तास घ्यायचा. जमलं तर प्रस्ताव माझा, नाही जमलं तर जाहिरात द्यायची. जाहिरात म्हणजे पुतण्या.

"घटक मी देतो," निकम सर म्हणाले. "अर्जलेखन. रजेचा अर्ज. सोपाच आहे. शिवाय मावशींनी स्वतः दिलाय की एक, वर्षभराच्या रजेचा."

या वेळी सगळेच हसले.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर खोल्या लावत मी आक्काला सगळं सांगितलं.

"काय म्हनला? कमवावा लागतो?" आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्येच्या बाऽऽपानं कमवला व्हता का सर?"

"जाऊ दे."

"जाऊ दे कशाला? ऐक माजं. त्यो शनवारी गप बसायचा न्हाई. कायतरी काडी घालनार. तू आपली शिकवायचं बघ. बाकीचं मी बघते."

"तू काय बघणार?"

"बघते म्हनलं न्हवं!"

शनिवारी सकाळी मी रोजच्यासारखी साडेसहाला आले. कागदावर मी अजून शिपाईच होते, म्हणून युनिफॉर्मची साडी नेसून आले होते. आक्कानं मला फाटकातच अडवलं. हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं, आतून कडी घातली आणि पिशवीतून स्वतःची साडी काढली. मोरपंखी, इस्त्री केलेली. तिच्या लेकीच्या लग्नात घेतलेली.

"ही पांढरी नेसून शिकवायचं न्हाई. दुसरी साडी आनली न्हाईस न्हवं? मला ठावंच व्हतं. नेस."

"आणि झाडायचं?"

"झाडून झालंय. तू येयाच्या आधीच. घंटा पन मीच देनार. आज तू कशाला हात लावायचा न्हाईस."

निऱ्या तिनंच घातल्या, गुडघ्यावर बसून. मग लांब होऊन बघितलं आणि म्हणाली, "आत्ता दिसतीस खराडे सरांची."

नववी 'ब'च्या वर्गात मागं चार खुर्च्या मांडल्या होत्या. आबासाहेब, समितीचे दोन सदस्य आणि हेडसर. निकम सर बसले नाहीत. ते खिडकीशी हाताची घडी घालून उभे राहिले. माझी साडी त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितली.

"युनिफॉर्म नाही आज, मावशी?"

"तास आहे सर आज," मी म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

खडू हातात धरला आणि पाठीमागून, शेवटच्या बाकावरून, आवाज आला. "मावशी, फळा पुसून देऊ का?"

वर्ग फिस्सकन हसला. आवाज जगदाळेचा. निकम सरांच्या घरी शिकवणीला जाणारा. मी वळले तर पोरगं खाली मान घालून बसलेलं आणि निकम सर छताकडे बघतायत.

"पुसायची गरज नाही, जगदाळे," मी म्हणाले. "हा फळा आज सकाळी स्वच्छ पुसलेला आहे. पुसणाऱ्यांचं काम चोख असतं. आता तुमचं बघू."

आबासाहेब खुसखुसले. माझ्या जिवात जीव आला. मी फळ्यावर इंग्रजीत अर्जाचा मायना लिहिला, रिस्पेक्टेड मॅडम, आणि त्यातल्या मॅडमखाली रेघ ओढली. निकम सरांना माझ्याशी याच शब्दावरून भांडायचं होतं ना? मग म्हटलं, होऊन जाऊ दे.

"मॅडम कुणाला म्हणायचं?"

"शिकवणाऱ्या बाईंना," अर्धा वर्ग ओरडला.

"एवढंच? बँकेत काउंटरला बाई असतात, त्यांना काय म्हणता?"

"मॅडम."

"सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना?"

"मॅडम!"

"तलाठी बाईंना?"

"मॅडम!"

"आणि आठवडी बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या बाईंना?"

वर्ग पोट धरून हसला. एकजण म्हणाला, "कोथिंबीर मॅडम!" पुन्हा हशा. मी तो संपू दिला.

"का हसलात?"

एकेकाची मान खाली गेली.

"ऐका. हा शब्द इंग्रजांचा. त्यांच्याकडे तो कुठल्याही अनोळखी बाईला चालतो. दुकानात साबण घ्यायला आलेली बाई असो, रस्त्यात पत्ता विचारणारी असो. मान ठेवून बोलायचं असलं की मॅडम. तिचं शिक्षण विचारत नाहीत, पगार विचारत नाहीत. आपण तो शब्द घेतला आणि त्याला खुर्ची जोडली. खुर्ची असेल तर मॅडम, नसेल तर नाही. आता सांगा, चुकलं कुणाचं?"

वर्ग एकदम गप झाला. पण तो कंटाळ्यानं नव्हे. पोरं विचारात पडली की त्यांचे चेहरे कसे होतात ते मी व्हरांड्यातून अकरा वर्षं बघितलं होतं. समोर पहिल्या बाकावर सुरेखा लोहार नावाची मुलगी होती, तिनं हात वर केला.

"मग आपल्या बायडा मावशींना पण मॅडम म्हणायचं?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बायडाक्का दारात उभी होती. कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. ती लाजली, पदर तोंडावर घेतला, आणि डोळ्यांनी मला म्हणाली, पुढं चल गं बाई, माझं कुठं काढतीस!

"म्हणायचं की," मी सुरेखाला सांगितलं. "का नाही म्हणायचं?"

"वा!" आबासाहेब मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या सदस्याच्या मांडीवर थाप मारली. "हे आवडलं बरं का आपल्याला."

मी अर्जाचा मजकूर सांगायला लागले. पोरं लिहायला लागली. जगदाळेसुद्धा लिहीत होता. माझा आवाज मोकळा झाला होता, हात सरसर चालत होता. तास माझा झाला होता, हे मला कळलं, पोरांना कळलं, आणि निकम सरांनाही कळलं.

तेव्हा त्यांनी काडी घातली.

"मावशी," त्यांनी घसा खाकरला. आवाज साधा, रोजचाच. "पाहुण्यांना पाणी आणा जरा. केव्हापासून बसलेत."

माझा हात फळ्यावर थांबला.

वर्गातली एकेक पेन्सिल थांबली. हेडसर खाली बघायला लागले. आबासाहेबांनी एकदा निकमांकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उत्सुकता होती. आता ही काय करते बघू, अशी.

निकम सरांनी बरोबर घेरलं होतं मला. गेले तर मावशी. तास तिथंच संपला, पोरं जन्मभर मला पाणी आणणारी म्हणून ओळखतील. नाही गेले तर कागदावर शिपाई असून वरिष्ठांचं ऐकत नाही, उद्धट आहे, असा शेरा. अकरा वर्षं डोळ्यांपुढून गेली म्हणतात तसलं काही झालं नाही. फक्त एवढंच डोक्यात आलं की हा माणूस जिंकतोय. माझ्या डोळ्यांदेखत जिंकतोय.

मी दाराकडे वळले. खडू हातातच होता.

"मावशी," मी म्हणाले. "पाहुण्यांना पाणी आणा."

असा आवाज मी आयुष्यात कधी काढला नव्हता. पण तो मला चांगलाच पाठ होता. मान पुरती न वळवता, शेवटच्या अक्षराला किंचित खाली आणत. अकरा वर्षं मी तोच ऐकला होता.

बायडाक्काच्या तोंडावरचा पदर खाली आला. क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं, मी दुसऱ्याच कुणाला बोलले. मग तिला समजलं.

"आनते, मॅडम," ती म्हणाली.

मी फळ्याकडे वळले, इंग्रजी वाक्य पुरं केलं आणि त्याचा अर्थ सांगितला. "सबब, मला दोन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती. लिहा."

पोरांनी लिहिलं. आक्कानं पाणी दिलं, आधी आबासाहेबांना, मग सदस्यांना, हेडसरांना, निकम सरांना. शेवटी फळ्याशी आली आणि माझ्यापुढंही ट्रे धरला. मी पाणी घेतलं नाही.

घंटा झाली. वर्ग उठून उभा राहिला आणि अख्ख्या वर्गानं एका सुरात म्हटलं, "थँक्यू मॅडम." जगदाळेचाही आवाज त्यात होता. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. शिपाईणीनं ज्या बाईला मॅडम म्हटलं ती मॅडमच, एवढं त्यांना पुरेसं होतं.

व्हरांड्यात आबासाहेब हेडसरांना म्हणाले, "प्रस्ताव पाठवा यांचाच. शिकवतात तर चांगल्याच, पण वट आहे हो बाईत. मी बघत होतो, पाण्याचं कसं निभावतात. निभावलं!" आणि माझ्याकडे वळून, "अभिनंदन, खराडे मॅडम."

मला हवं होतं ते सगळं त्या एका मिनिटात मिळालं. हात जोडले मी.

मंडळी ऑफिसकडे गेली. निकम सर मागं रेंगाळले. मला वाटलं, आता काही तरी जहरी बोलतील, आणि मी तयारच होते. त्यांच्या पुतण्यासकट त्यांना धुऊन काढायला माझ्याकडे साठलेलं पुष्कळ होतं. पण त्यांच्या आवाजात जहर नव्हतं. कधी नव्हे ते डोळेसुद्धा हसत होते.

"अभिनंदन, मॅडम," ते म्हणाले. "मला उगाच वाटत होतं, तुम्हाला जमणार नाही. शिकलात की सगळं."

आणि गेले. त्यांनी मला शत्रू म्हणून काहीही केलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी मला आपल्यातलं करून घेतलं.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मुलीलाही नाही. ज्यांनी हे नुसतं ऐकलंय त्यांना वाटतं, निकम सरांनी पाणी मागितलं, मी दाराकडे बघितलं आणि तिथं योगायोगानं बायडाक्का रिकामी उभी होती. तसं नव्हतं. ती दारात उभी होती ती हातात ट्रे घेऊन. एका हातानं पदर तोंडावर धरलेला आणि दुसऱ्या हातावर ट्रे. सहा ग्लास, भरलेले. निकम सर हेच करणार हे तिनं आधीच ओळखलं होतं, म्हणून ती तास सुरू झाल्यापासून पाणी भरून तयार राहिली होती. निकम सरांच्या तोंडून 'पाणी' हा शब्द निघाला तेव्हा तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडलासुद्धा होता. मी काही बोलले नसते तरी पाणी आलं असतं. निकम सरांचं बोलणं हवेत राहिलं असतं, मी लिहीत राहिले असते, आणि आम्ही दोघी मिळून जिंकलो असतो.

मी तो ट्रे बघितला होता. तो आत आलेला पायही बघितला होता. बघून मग म्हणाले. पाणी यावं म्हणून नाही. आबासाहेबांना ऐकू जावं म्हणून.

मोठ्या सुट्टीत मी आक्काला शोधत टाकीमागं गेले. तिथं लिंबाखाली आम्ही दोघी अकरा वर्षं जेवलो होतो, एकाच फडक्यावर दोन डबे सोडून, तिचं कोरड्यास माझ्या भाकरीवर आणि माझी चटणी तिच्या. ती बसलेली होती. पुढ्यात फडकं पसरलेलं, त्यावर एकच डबा. मला बघून ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि उभी राहिली. कंबर धरली होती तिची, तरी उठली.

"आक्का, बस की," मी म्हणाले. "आक्का, माझं ऐक तरी. चुकलं माझं. तोंडातून गेलं."

"काय चुकलं? काय न्हाई चुकलं," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी पाय धरले असते तिचे. पण ती मला उगाच टोचत नव्हती. ती हिशोबानं, नीट, शाळेत बोलतात तसं बोलत होती. "साडी सवडीनं द्या, घाई न्हाई."

"द्या काय म्हणतीस मला? मालन म्हण!"

ती माझ्याकडे न बघता फडक्याच्या चुण्या काढायला लागली.

"तुमचा डबा हितं न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "स्टाफरूममदी टेबलावर ठेवलाय. पुसून ठेवलाय."